वही आणि केरसुणी

इगतपुरीत 'बँकर' म्हटले की पेढीवरचा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, इंजिन येते. कसाऱ्याहून थळ घाट चढताना गाडीला मागून रेटा देण्यासाठी जी जादा इंजिने जोडतात, त्यांचे रेल्वेच्या भाषेतले हे नाव. सदतीस फुटांमागे एक फूट अशी ती चढण आहे. गाडी वर इगतपुरीला पोचली की बँकर सुटतो; पुढच्या प्रवासाशी त्याला काही कर्तव्य नसते. माझी सारी नोकरी रेल्वेत, याच गावात गेली. त्यामुळे पैसा पाठीशी असणे म्हणजे काय, याची माझी कल्पनाही या इंजिनासारखीच साधी आहे: गरज असेल तिथे रेटा द्यावा आणि बाजूला व्हावे.

म्हणूनच नवरात्रात माझा भाचा मुंबईहून आला आणि ओटीवर बसून पैशाविषयी बोलू लागला, तेव्हा त्याचे म्हणणे उमगायला मला अंमळ वेळ लागला.

"मामा," तो म्हणाला, "मुंबईतल्या मोठ्या ऑफिसच्या इमारतीचं मालक व्हायचंय का तुम्हाला?"

"आधी या घराची गळती थांबू दे," मी म्हटले.

"थट्टा नाही करत. हॉटेलातल्या एका जेवणाच्या पैशांत होता येतं."

मग त्याने जे सांगितले ते असे. पुष्कळशा इमारती एका न्यासाच्या मालकीच्या करायच्या. त्या न्यासाचे कोट्यवधी लहान हिस्से पाडायचे. त्यांना युनिट म्हणतात. ही युनिटे शेअरबाजारात कुणीही घ्यावी, कुणीही विकावी. इमारतींत मोठमोठ्या कंपन्या भाड्याने राहतात. खर्च आणि व्याज जाऊन वाटण्याजोगी जी रोकड उरेल, तिच्यातली निदान 90 टक्के युनिटधारकांना वाटून टाकलीच पाहिजे, असा नियम. न्यासाच्या मालमत्तेतला निदान 80 टक्के भाग पुऱ्या बांधून झालेल्या आणि भाडे देत असलेल्या वास्तूंत असला पाहिजे, असाही नियम. या न्यासाला भाचा 'रीट' म्हणत होता. हे नियम 'सेबी'ने 2014 साली केले. आपल्या देशातला पहिला रीट, एम्बसीचा, 2019 मध्ये 300 रुपयांना एक युनिट या भावाने बाजारात आला. पुढच्या वर्षी माइंडस्पेसचा आला, त्याच्या इमारतींत आपल्या ऐरोलीच्या आणि पुण्याच्याही आहेत. 2023 मध्ये तर नेक्ससच्या रीटने मॉलसुद्धा याच रीतीने लोकांपुढे मांडले. सुरुवातीला निदान दोन लाख रुपये असल्यावाचून या दारात प्रवेश नव्हता. 2021 पासून एकेक युनिटही घेता येते.

मूळ कल्पना अमेरिकेतली. 1960 साली तिथे या न्यासांचा कायदा झाला, तो सिगारवरील कराच्या एका विधेयकाला जोडून. सामान्य माणसाला हवेलीचे भाडे मिळावे, ही व्यवस्था धुराच्या मागोमाग जगात आली म्हणायची.

ऐकायला हे सारे सुरेख होते. मला पेचात टाकले ते त्याच्या पुढच्या वाक्याने. "मामा, आपलं भवलीकडचं खाचर विकून टाकू. आईचा निम्मा वाटा, तुमचा निम्मा. समृद्धी महामार्ग झाल्यापासून भाव कुठल्या कुठे गेलाय. ते पैसे यात घातले तर दोघांनाही बसल्या जागी भाडं येत राहील. ना पावसाची काळजी, ना मजुरांची."

दोन एकरांचे ते भाताचे खाचर. आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, निर्णय माझ्यावर सोपवला होता. आणि गेला महिनाभर मी एका प्रश्नाशी अडून बसलो आहे. जी वस्तू आपण कधी पाहिली नाही, जिच्यासाठी बोटही हलवले नाही, तिचे उत्पन्न खाणे न्याय्य आहे काय?

पहिल्या दिवशी माझे उत्तर तयार होते. ते मला माझ्या आईने दिले होते, असे म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वडील पाटावर जमाखर्चाची वही ठेवीत आणि आई तिच्या शेजारी नवी केरसुणी ठेवी. वहीला हळदकुंकू, केरसुणीलाही हळदकुंकू. केरसुणीची कसली पूजा करायची, असे मी एकदा विचारले, तेव्हा आई म्हणाली होती, "झाडल्याशिवाय लक्ष्मी घरात येत नाही, आणि झाडणारीला विसरलं तर घरात राहत नाही." मालकीविषयी याहून नेमके बोलणे मी पुढे कुठे ऐकले नाही. वही म्हणजे हक्क, केरसुणी म्हणजे कर्तव्य. दोन्ही एका पाटावर. आणि भाच्याचा हा रीट म्हणजे नुसती वही! केरसुणी दुसऱ्याच कुणाच्या हातात, आणि ते हात कुणाचे हेही ठाऊक नाही. तेव्हा असल्या मालकीत मला अर्थ नाही, असे त्याला सांगून मी मोकळा होणार होतो.

शिवाय माझ्या बाजूला आमच्या गावाचा इतिहासही होता. इगतपुरी हे गाव असल्या न पाहिलेल्या मालकीनेच वाढवले आहे. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेली, तिनेच थळ घाट फोडून 1865 मध्ये इगतपुरीपर्यंत रूळ आणले. तिचे भागधारक बहुतेक सारे विलायतेतले. जमीन सरकारने फुकट दिली होती, आणि गुंतवलेल्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी होती. गाडीला नफा होवो वा तोटा, त्या गृहस्थांचे 5 टक्के हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचेच. मग खर्च कमी व्हावा, काम चोख व्हावे, अशी तळमळ त्यांना का वाटावी? दादाभाई नौरोजींच्या पिढीने या हमीवर कडाडून टीका केली ती याचसाठी. घाटातले बोगदे खोदताना किती मजूर पटकीने आणि दरडीखाली गेले, हे विलायतेतल्या त्या पेन्शनर बाईंना कुठून कळणार? त्यांच्या घरी सहामाही व्याज येत असे, घाटाचे धुके येत नसे.

परंतु हा दाखला उगाळताना एके रात्री माझ्या लक्षात आले, की तो निम्माच माझ्या बाजूचा आहे. त्या रेल्वेच्या भागधारकांचा खरा दोष ते दूर होते हा नव्हता. त्यांना कसलीच झळ लागणार नव्हती, हा होता. दूर राहूनही माणूस जागा राहू शकतो, पण हमी मिळाली की डोळा लागतो. रीटमध्ये अशी हमी नाही. कंपन्यांनी जागा सोडली तर भाडे घटते, भाडे घटले तर वाटणी घटते, आणि युनिटचा बाजारभाव तर रोज वरखाली होतो. 2020 च्या टाळेबंदीत ऑफिसे ओस पडली, तेव्हा या मालकांच्याही पोटात गोळा आलाच असेल. ज्याला बुडण्याची भीती आहे तो अगदीच परका नव्हे. बरे, या छोट्या मालकाला मतही असते. व्यवस्थापक बदलण्यापर्यंतच्या गोष्टी युनिटधारकांच्या मतदानाला येतात. ते मत कितीजण देतात ही गोष्ट निराळी. पण तसे ग्रामसभेलाही कितीजण येतात?

दुसरी गोष्ट अशी, की भाड्याचे उत्पन्न हे आजवर कुणाचे होते? फोर्टात आणि नरिमन पॉइंटला ज्यांच्या इमारती, त्यांचे. कारकुनाने, शिक्षकाने, रेल्वेच्या गार्डाने जन्मभर भाडे द्यायचे. घ्यायचे कधी नाही. त्याच्याजवळ चार पैसे साठले तर त्याने काय करायचे? आमच्या तालुक्यात येऊन पाहा. डोंगराच्या उतारावर तारेचे कुंपण आणि मालकाच्या नावाची पाटी, आत कमरेइतके गवत. जमीन घेतली ती भाव वाढेल म्हणून. मालक वर्षातून एकदा पावसाळ्यात येतो, भिजतो, भजी खातो आणि परततो. काहींनी बंगले बांधले आहेत, त्यांच्या खिडक्या वर्षातले अकरा महिने बंद. त्या बंगल्याचा राखणदार कोण, म्हणून चौकशी करावी, तर ज्याने ती जमीन विकली त्याचाच मुलगा निघतो. ज्या जमिनीवर बाप नांगर धरीत होता, तिथे लेक गणवेश घालून फाटक उघडतो.

आता मला सांगा, वाचकहो, या दोन मालकांत अधिक निरुपद्रवी कोण? रीटचे युनिट घेणारा निदान कुणाचे भाताचे खाचर अडवीत नाही. त्याची इमारत आधीच उभी आहे, ती कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे. उलट हा कुंपणवाला आपल्या मालकीच्या मातीवर प्रत्यक्ष उभा राहतो, तिच्याबरोबर छायाचित्र काढतो, आणि तरी त्या मातीचा त्याला गंध नसतो. मग 'पाहिलेली मालकी चांगली, न पाहिलेली वाईट' हे माझे सूत्र कुठे राहिले?

हा विचार इथवर आला आणि तो कुंपणवाल्यापाशी थांबेना. तो सरळ माझ्या घरात शिरला.

माझ्या आजोबांची इथे बरीच जमीन होती. ते स्वतः कसत नसत. 1948 च्या कूळकायद्याने आणि मग 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने ती कुळांच्या नावे झाली. मी तेव्हा पाळण्यात होतो. आजोबांनी तो धक्का अखेरपर्यंत पचवला नाही. कुळे समोरून गेली तर ते मान वळवीत. वडील मात्र आम्हाला सांगत, की जे झाले ते योग्यच झाले; कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे गेली. मला माझ्या वडिलांच्या या उदारपणाचा फार अभिमान होता.

पण आजोबांनंतर हे दोन एकर उरले. त्यात गेली चाळीस वर्षे एकच कुटुंब राबते आहे. आधी बाप राबला, आता मुलगा आणि सून राबतात. राब भाजण्यापासून आवणीपर्यंत आणि कापणीपासून मळणीपर्यंत सारे तेच करतात. त्यांना आम्ही मजुरी देतो, वर भाताची काही पोती देतो. वाटा मात्र ठरवीत नाही. का ठरवीत नाही? कारण वाटा ठरला की कूळ ठरते. माझे वडील, कसणाऱ्याची जमीन म्हणणारे माझे वडील, दर वर्षी मजुरीच्या पावतीवर त्या माणसाचा अंगठा जपून घेत, आणि सातबाऱ्यावर पीकपाणी आमच्याच नावे लागले आहे ना, हे तलाठ्याकडे जाऊन पाहत. वडील गेल्यावर त्या पावत्यांचे पुडके माझ्याकडे आले. मीही तेच केले. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढाच बदल.

ते कुटुंब माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या पोरांची नावे मला पाठ आहेत. त्यांच्या घरच्या लग्नात मी जेवलो आहे. आणि इतके सगळे पाहूनही, त्यांना त्या मातीवर कसलाही हक्क मिळू नये याची मी चोख व्यवस्था ठेवली. ऐरोलीची इमारत न पाहिलेल्या माणसावर दगड उचलायला मी कोण? त्याला झाडणारीचे नाव ठाऊक नाही. मला ठाऊक होते, आणि ते कागदावर येऊ नये म्हणून मी जपत होतो. अज्ञान बरे की असली ओळख बरी?

तेव्हा मला वाटते, मालकीचे नैतिक माप अंतरात नाही. ती वस्तू आपल्याला प्रश्न विचारू शकते की नाही, आणि विचारला तर आपण ऐकतो की नाही, यात ते आहे. जवळ राहून बहिरे होता येते, तसे दूर राहून ऐकताही येते. हे दुसरे सोपे नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. मालकी कोटी तुकड्यांत वाटली की उत्पन्नाचे तुकडे बरोबर होतात. जबाबदारीचे तुकडे करू गेले तर हाती काहीच लागत नाही. 'माझे दहाच युनिट, मी काय करणार?' असे प्रत्येकजण म्हणतो, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. सर्वांचे खरे मिळून एक मोठे खोटे तयार होते, ते असे.

यातून वाट काढणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याची सुमारे 400 एकर जमीन. शहर अंगावर येऊ लागले, तेव्हा तिथल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी ती बिल्डरांना तुकड्यातुकड्याने विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी कंपनी काढली; ज्याची जितकी जमीन त्याचे तितके भाग. जमिनीचे कागद झाले खरे, भाडेही येऊ लागले. पण कागदाचे मालक त्याच गावात राहिले, आणि उभ्या राहिलेल्या वसाहतीत पुष्कळांनी निरनिराळी कामे हाती घेतली. ऊस गेला तो गेलाच. त्या मातीत पूर्वी केवळ मजुरी करणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्नही विचारायला हवा. पण वही आणि केरसुणी एका पाटावर ठेवण्याचा निदान प्रयत्न तिथे झाला. हिस्से पाडणे म्हणजे डोळे मिटणेच, असे नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

कोजागिरीला भाचा पुन्हा आला. मी त्याला म्हटले, "तुझ्या त्या इमारती झाडतं कोण?"

तो गोंधळला. "असतील ना मामा, कंत्राटदाराची माणसं."

"त्यांना दिवाळीला काय मिळतं?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"विचारायला कुणाला हवं?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वार्षिक अहवाल येतो. सभा असते. तिथं विचारता येईल बहुतेक. पण माझ्या दहा युनिटांना कोण उत्तर देणार?"

"दहा युनिटांचं भाडं घेताना तू हा प्रश्न विचारत नाहीस," मी म्हटले.

हे बोलताना मी त्याच्यावर कुरघोडी केली असे मला वाटले नाही. कारण तोपर्यंत मी पावत्यांचे पुडके त्याच्यासमोर ठेवले होते. त्याने ते सगळे चाळले. सर्वांत जुनी पावती त्याच्या जन्माच्या आधीची होती. तो म्हणाला, "मामा, म्हणजे आपण खाचर विकलं असतं, तर यांना..." आणि वाक्य त्याने पुरे केले नाही.

आक्काला फोन लावला. मी सगळे सांगितले. तिने फार चर्चा केली नाही. "आधी त्यांना जाऊन विचार," ती म्हणाली. चाळीस वर्षांत ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे खाचरावर गेलो. हळवे भात पिवळे पडले होते. त्याला मी म्हटले, की दोन एकरांतला एक तुमच्या नावे करायचा आमचा विचार आहे. दुसऱ्या एकराचे काय करायचे ते तुमच्याशी बोलून ठरवू. त्याला आनंद होईल अशी माझी कल्पना होती. त्याने आधी भाच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि मजुरी?" मी काय देऊ करतो आहे यापेक्षा मी काय काढून घेतो आहे, हे त्याला आधी समजून घ्यायचे होते. चाळीस वर्षांच्या ओळखीने त्याला एवढेच शिकवले होते. मी म्हटले, मजुरी आहे तशीच राहील. मग तो म्हणाला, "कागद झाल्यावर बोलू." आणि विळा घेऊन खाली वाकला.

त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

दिवाळी झाली की तलाठ्याकडे जायचे आहे. दुसरा एकर तूर्त विकायचा नाही, असे आक्का म्हणते. भाच्याने आपल्या पगारातून दहा युनिटे घेतली आहेत, आणि मी त्याला अडवले नाही. मात्र अहवाल वाचीन, मत देईन आणि तो प्रश्न लिहून पाठवीन, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. उत्तर येईल की नाही, ते पुढच्या दिवाळीत कळेल.

बाजारातून नवी केरसुणी आणून ठेवली आहे. या वर्षी पाटावर वहीच्या खाली पावत्यांचे ते पुडके ठेवावे की पूजेआधीच चुलीत घालावे, हे अजून ठरत नाही. आक्का म्हणते, कागद होईपर्यंत ठेव; तलाठ्याला दाखवायला लागतील. त्यांनी किती वर्षे तिथे काम केले, याचा आमच्या घरात तेवढाच एक लेखी पुरावा आहे.